एन२७० नेटबुक, १ जीबी रॅम, गावच्या वाचनालयाची पुस्तकयादी : कोणतं लिनक्स टाकावं?

वाचनालयवाली (अंबाजोगाई तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या गावात 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, मी तिथं ग्रंथपाल. दाखल नोंदवही, देवघेव, वर्गणी, सगळं हातानंच. गावातल्या एका मुलानं पुण्याला नोकरी लागल्यावर त्याचं कॉलेजातलं नेटबुक वाचनालयाला देऊन टाकलं. तेव्हापासून अध्यक्ष म्हणायलेत, "आता तपासणीला साहेब आले की यादी पडद्यावर दाखवायची." पडदा दहा इंची आहे, पण उत्साह मोठा.

मशीनवर लिहिलेलं आणि आत दिसतंय ते असं : इंटेल ॲटम एन२७०, १.६ गिगाहर्ट्झ, १ जीबी रॅम, १६० जीबी हार्ड डिस्क, पडदा १०२४ बाय ६००. विंडोज एक्सपी. सुरू केलं की मी सगळे पेपर स्टँडला लावून येते, तरी ते वाळूचं घड्याळ फिरतच असतं. बॅटरी मेलेली, अडॅप्टर काढला की बंद. आणि लाइटीचं तर तुम्हाला माहीतच आहे.

भाच्यानं लुबुंटू नावाच्या लिनक्सची सगळ्यात नवी फाइल उतरवून पेन ड्राइव्ह करून दिला. लावला तर काळ्या पडद्यावर एकच ओळ : "धिस कर्नल रिक्वायर्स ॲन एक्स८६-६४ सीपीयू, बट ओन्ली डिटेक्टेड ॲन आय६८६ सीपीयू." पुढं जाईना. दुरुस्तीच्या दुकानात दाखवलं तर तो म्हणाला, भंगारात द्या, पाटी-पेन्सिल बरी.

मला लागतं एवढंच : सतराशेच्या वर पुस्तकांची यादी मराठीत, त्यात शोधता यावं. महिन्याचा अहवाल टाइप करून पीडीएफ व्हावी, छापायला मी सेवा केंद्रात नेते. आधीच्या ग्रंथपालांनी अर्धी यादी वर्डमध्ये केलेली आहे, तीही याच मशीनवर टाकून ठेवलीय. स्पर्धा परीक्षेची पोरं म्हणतात यावर जाहिराती बघू, ते जमलं तर ठीक.

---

मोंढ्यातला_मेकॅनिक (नांदेड)

ताई, भंगारात देऊ नका. ज्यानं सांगितलं त्याला ती ओळ वाचता आली नाही. मशीन बिघडलेलं नाही. एन२७० हा २००८ चा प्रोसेसर, निव्वळ ३२-बिट, म्हणजे जुन्या पिढीचा. भाच्यानं दिलेली फाइल ६४-बिटची, त्याला ती चालतच नाही. लुबुंटूनं ३२-बिटचं बनवणं कधीचंच सोडलं, मिंट या दुसऱ्या लिनक्सचंही १९.३ नंतर मिळत नाही (डेबियन या लिनक्सवर उभी त्यांची वेगळी आवृत्ती होती, तिनंही सातव्या आवृत्तीत ते सोडलं). म्हणून "सगळ्यात नवं" हे तुमच्यासाठी चुकीचं औषध.

इतरांसाठी एक गोष्ट इथंच सांगतो : नेटबुक म्हणजे सगळी सारखी नाहीत. २०१० पासूनच्या एन४५० किंवा एन४५५ वर ६४-बिट चालतं. आणि एन२६०० असेल तर ग्राफिक्सनं डोकं फिरतं, ती चिप इंटेलची नाही, पॉवरव्हीआरची आहे, लिनक्समध्ये तिचे हाल आहेत. तेव्हा "जुन्या लॅपटॉपला कोणतं लिनक्स" विचारायच्या आधी प्रोसेसरचा नंबर बघत जा. या ताईंनी पहिल्याच पोस्टात दिला, देव भलं करो.

तुमच्यासाठी ॲन्टीएक्स २३, जुन्या मशीनसाठीचं हलकं लिनक्स. फाइल घेताना नावात ३८६ आहे का ते बघा. त्यात "फुल" आणि "बेस" असे प्रकार मिळतात, तुम्ही बेस घ्या. सिस-व्ही आणि रनइट (मशीन सुरू करायच्या दोन पद्धती) असंही विचारतील, कोणतंही चालेल, त्यावर भांडणारी माणसं वेगळी आहेत. पेन ड्राइव्ह रुफस या विंडोजवरच्या प्रोग्रामनं करा. लावून चालू करताना काही मशीनला एफ१२, काहींना एफ९, काहींना एस्केप दाबावं लागतं. एफ१२ दाबून काहीच होत नसेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगात) जाऊन बूट मेनू चालू करावा लागतो.

आता नीट ऐका. लगेच इन्स्टॉल करू नका. पेन ड्राइव्हवरूनच चालवा, पासवर्ड विचारला तर "डेमो". त्यातून एक्सपीची डिस्क उघडते. जुनी यादी, "डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज" फोल्डर आणि विंडोजच्या आतलं "फॉन्ट्स" हे फोल्डर, तिन्ही दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्या. फॉन्ट्स कशाला ते नंतर कळेल. इन्स्टॉलरला "सगळी डिस्क वापर" म्हटलं की तो एक्सपीसकट सगळं पुसतो, विचारून पुसतो, पण पुसतोच.

त्याच वेळी डिस्कची तब्येत बघा. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) "स्मार्टसीटीएल" चालवलं की लांबलचक तक्ता येतो, त्यात "रीॲलोकेटेड सेक्टर" आणि "करंट पेंडिंग सेक्टर" या दोन ओळी बघायच्या. शेवटच्या रकान्यात शून्य असेल तर चालवा. आकडा वाढत चाललेला असेल तर त्या डिस्कवर वाचनालयाची यादी ठेवणं म्हणजे वाळवीच्या कपाटात पुस्तकं ठेवणं.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी २ जीबीची डीडीआर२ लॅपटॉप रॅम, मग हार्ड डिस्कच्या जागी साधी सटा एसएसडी. रॅम २ जीबीच्या वर हे चिपसेट घेतच नाही, दुकानदार ४ देतो म्हणाला तर घेऊ नका. एसएसडी आली की मशीन बदलल्यासारखं वाटतं. या नेटबुकांत अर्धा वेळ प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट बघत असतो. लोक डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलून बदलून दमतात, डिस्ककडे कुणी बघत नाही.

आइसडब्ल्यूएम डेस्कटॉप आहे तोच ठेवा. बसल्या जागी दोनशे-अडीचशे एमबी खातो, बाकी रॅम तुमची. ६०० पिक्सेलच्या उंचीत एक त्रास हमखास होतो : खिडकी मोठी असते, "ओके"चं बटण पडद्याच्या खाली जातं. ऑल्ट दाबून धरायचं आणि माऊसनं खिडकी कुठंही पकडून वर ओढायची. आइसडब्ल्यूएमच्या प्रेफरन्सेस फाइलमध्ये "टास्कबारऑटोहाइड" समोर १ लिहिलं की खालची पट्टीही लपते.

यादीसाठी न्युमेरिक, लिखाणासाठी ॲबीवर्ड. दोन्ही लगेच उघडतात, पीडीएफ करतात.

---

डेबियन_लातूर

मेकॅनिक भाऊंशी सहमत, एक सोडून. मी ॲन्टीएक्सऐवजी सरळ डेबियन १२ टाकतो. ३२-बिटचा इन्स्टॉलर असलेली ती शेवटची आवृत्ती, १३ मध्ये तो काढून टाकला. १२ ला दीर्घकालीन सुरक्षा दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत आहेत. इन्स्टॉल करताना डेस्कटॉपच्या यादीतली जड ग्नोमची खूण काढायची, हलक्या एलएक्सडीईला द्यायची. नंतर "झेडरॅम-टूल्स" टाकायचं, त्याच्या फाइलमध्ये अल्गोरिदम एलझेड४, टक्के ५०. म्हणजे रॅम भरली की डिस्कवर टाकायच्या (स्वॅप) आधी रॅममध्येच दाबून ठेवतं. झेडएसटीडी हा दुसरा अल्गोरिदम जास्त दाबतो, पण या ॲटमला ते पेलायचं नाही.

ॲन्टीएक्सचा मेनू मला गर्दीच्या बसस्टँडासारखा वाटतो. ज्याची त्याची आवड.

---

मोंढ्यातला_मेकॅनिक (नांदेड)

ॲन्टीएक्स २३ हे डेबियन १२ वरच उभं आहे ओ. आतलं सामान तेच. ताईंना पहिल्या दिवशी चालू मशीन पाहिजे, म्हणून म्हटलं. तुमचं झेडरॅम मात्र १ जीबीवाल्यांनी वहीत लिहून ठेवावं.

---

ग्रंथालयशास्त्र_संभाजीनगर

वाचनालय आहे तर स्प्रेडशीट कशाला? कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर टाका. मुक्त आहे, न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनलं, २००० मध्ये सुरू झालं, आता जगभर वापरात आहे, आणि डेबियनवर चालतं.

---

मोंढ्यातला_मेकॅनिक (नांदेड)

सर, कोहा चांगलंच आहे, पण त्याच्यामागे मारियाडीबी, अपाची आणि शोधाचं इंजिन, एवढी वरात येते. १ जीबीच्या एन२७० वर ती मांडवातच बसून राहील. सतराशे पुस्तकांना तक्ता बक्कळ झाला. रकाने मात्र दाखल नोंदवहीसारखेच ठेवा ताई : दाखल क्रमांक, तारीख, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, शेरा. उद्या कोहा घ्यायचं ठरलं तर सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) करून तिकडं नेता येतं.

---

वाचनालयवाली (अंबाजोगाई तालुका)

ॲन्टीएक्स बसलं! डिस्कच्या त्या दोन्ही ओळींत शून्य आहे. अध्यक्ष येऊन बघून गेले, "एवढंच का?" म्हणाले, पण पेपर लावून व्हायच्या आत सुरू होतंय हे त्यांना कळलं नाही.

आता तीन अडचणी. वायफाय दिसतच नाही. भाच्याच्या घरी केबल लावून नेट आलं, तर प्रत्येक साइटवर "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतंय. आणि मराठी कसं लिहायचं? मला इनस्क्रिप्ट कळफलक येतो.

चौथीही आहे. जुन्या यादीची वर्ड फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला.

---

मोंढ्यातला_मेकॅनिक (नांदेड)

"सुरक्षित नाही"चं आधी. कोपऱ्यातली तारीख बघा, बहुतेक पंधरा-सोळा वर्षं मागं गेलेली असेल. बॅटरी मेली, अडॅप्टर काढून ठेवता, आणि तारीख-वेळ सांभाळणारा आतला सीआर२०३२ सेलही संपलाय. साइटचं प्रमाणपत्र "अजून सुरूच झालेलं नाही" असं मशीनला वाटतंय. तारीख आत्ता हातानं घाला, सगळं उघडेल. सेल नंतर बदला. नेटबुकात तो बहुतेक दोन वायरींना जोडून टेपमध्ये गुंडाळलेला असतो, सुटा सेल आणून नुसता ठेवला की बसत नाही, वायरसकट मिळतो तो मागा.

वायफाय : टर्मिनलमध्ये "एलएसपीसीआय" करा. नेटवर्कच्या ओळीत ॲथेरॉस असेल तर ते बिनबोभाट चालायला पाहिजे, कडेचं वायफायचं बटण बघा. ब्रॉडकॉम बीसीएम४३१२ असेल तर त्याचं फर्मवेअर वेगळं घ्यावं लागतं, पॅकेजचं नाव "फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर". गंमत अशी की वायफाय चालू करायला लागणारी वस्तू ते नेटवरून आणतं. केबल नसेल तर फोन यूएसबीनं जोडा, फोनात "यूएसबी टेदरिंग" चालू करा, लिनक्स त्याला वायरचं नेट समजतं. काही टाकावं लागत नाही.

मराठी टाइप करायला आयबस वगैरे वेगळा प्रोग्राम नको, रॅम खातं. एकच ओळ : "सेटएक्सकेबीमॅप", लेआउट "यूएस,आयएन", ऑप्शनमध्ये "जीआरपी:ऑल्ट_शिफ्ट_टॉगल". ही ओळ "डेस्कटॉप-सेशन" फोल्डरातल्या स्टार्टअप फाइलमध्ये टाका, फोल्डरच्या नावाआधी टिंब आहे, म्हणजे लपलेलं असतं. मग ऑल्ट-शिफ्ट दाबलं की देवनागरी. तुम्हाला इनस्क्रिप्ट येतं म्हणजे ळ शिफ्ट-एन वर हे सांगायला नको. फॉन्टसाठी "फॉन्ट्स-लोहित-देवा".

पोरांच्या जाहिरातींचं : वरवर बघायला हरकत नाही, अर्ज भरायला यावर बसवू नका. क्रोमनं ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. फायरफॉक्सनंही १४४ व्या आवृत्तीनंतर सोडलं, ईएसआर (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी) १४० ला सप्टेंबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या देऊ म्हणालेत. पैशाचे, ओटीपीचे व्यवहार फोनवरच करा.

---

डीटीपीवाली_बीड

ताई, चौथ्या अडचणीचं मी सांगते, माझा जन्म त्या काल्यात गेला. ती फाइल युनिकोडमध्ये (सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) नाही. जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. फॉन्ट नाही म्हणून मूळ इंग्रजी अक्षरं दिसायलेत. मेकॅनिक भाऊंनी फॉन्ट्स फोल्डर घ्यायला लावलं ते यासाठी. त्यातली त्या फॉन्टची टीटीएफ फाइल शोधा, होम फोल्डरात टिंब-फॉन्ट्स नावाचं फोल्डर करून त्यात टाका आणि फाइल पुन्हा उघडा. बहुतेक वेळा मराठी दिसायला लागतं.

पण दिसलं म्हणून थांबू नका. त्यात शोधता येणार नाही, कारण मशीनच्या लेखी ती अजून इंग्रजीच आहे. युनिकोड करावंच लागेल. आधी फॉन्टचं नाव बघा, एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांची मांडणीही वेगळी असू शकते. त्या फॉन्टचा कन्व्हर्टर मिळतो का बघा, दहा ओळी टाकून तपासा, मगच सगळी यादी. रफार, श्र, द्ध, आणि पहिली वेलांटी या चार जागी हटकून गडबड होते. वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. "दऱ्या" मधला अर्धा र दोन पद्धतींनी साठवता येतो. एक नुक्त्याचा ऱ आणि हलंत, दुसरा साधा र, हलंत आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कन्व्हर्टरनं एक पद्धत वापरली आणि तुम्ही टाइप करताना दुसरी, की पुस्तक यादीत असून शोधात सापडत नाही. "ॲ"चंही तसंच. तुमच्या इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे, डी, स्लॅश असं केलं की नुक्त्याचा येतो. तोच धरा, आणि कन्व्हर्ट झालेल्या यादीत "शोधा आणि बदला" करून सगळे एकसारखे करून घ्या. सभासद समोर उभा असताना हे उलगडत बसायला वेळ नसतो.

फॉन्टचं नाव आणि दोन-चार ओळी इथं टाका, कोणता कन्व्हर्टर ते बघून सांगते.

---

वाचनालयवाली (अंबाजोगाई तालुका)

तारीख २००९ होती! घातली, साइटा उघडल्या. वायफाय ब्रॉडकॉमचंच निघालं, फोन जोडून झालं. मराठीही येतंय. फॉन्टच्या ओळी उद्या टाकते, आज देवघेवीची वेळ झाली. रॅम लातूरहून मागवलीय, ती मी स्वतः बसवू शकेन का?

---

मोंढ्यातला_मेकॅनिक (नांदेड)

खाली एक छोटं झाकण असेल आणि एखाद-दोन स्क्रू असतील तर बसवाल. अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढा, बॅटरी मेलेली असली तरी. कळफलक उचलायला लागत असेल तर हात लावू नका, त्याची पट्टी फार नाजूक असते. झाकण उघडलंच आहे तर पंख्याकडची जाळी ब्रशनं साफ करा. प्रोसेसर अडीच वॉटचाच आहे, पण शेजारची चिपसेट त्याच्याहून जास्त तापते, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली मशीन चालवायचं म्हणजे ती जाळी मोकळी पाहिजे. आणि जुनी १ जीबीची पट्टी फेकू नका. नवी चालली नाही तर तीच परत लावायचीय.