जुन्या सायकलच्या फ्रेमचा गंज रंगाआधी नेमका कसा काढायचा?

वाशिष्ठीकाठ:

नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांची २४ इंची काळी सायकल आहे, दांडीवाली, सळईचे ब्रेक असलेली. याच सायकलवरून ते रोज सात किलोमीटर शाळेत शिकवायला जायचे आणि रविवारी मला पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून बसवायचे नि बाजारात न्यायचे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा ती खालच्या पडवीत होती, हँडलसकट बुडाली, नंतर गाळ काढायच्या गडबडीत तिच्याकडे बघायला कोणाला सवडच नव्हती, मग ती तशीच माळ्यावर गेली आणि आता खाली काढलीये.

मडगार्ड आणि चेनकव्हर संपलेत, पत्रा हाताने मोडतोय, ते नवीन घेईन. फ्रेम आणि पुढचं चाक धरणारा चिमटा मात्र तेच ठेवायचेत. वरच्या दांडीवर रंग बऱ्यापैकी शिल्लक आहे, खालच्या तिरक्या पाइपवर फोड आलेत, नखाने टोकरलं की खपली निघते आणि खाली चॉकलेटी भुकटी. पायडलचा एक्सल जिथून जातो त्या बॉटमपाशी सगळ्यात वाईट अवस्था.

इथला पेंटर म्हणतो घासून रेड ऑक्साइड (रंगाखालचा तांबडा प्राइमर) मारून दोन दिवसांत देतो. फॅब्रिकेशनवाला म्हणतो सँडब्लास्टिंग करा, म्हणजे हवेच्या दाबाने वाळू मारून गंज उडवायचा. चुलतभाऊ म्हणतो बाथरूमचं अॅसिड ओत, दहा मिनिटांत चकाचक. मला घाई नाही, पण एकदाच आणि नीट करायचंय, माझा मुलगा ती चालवणार आहे. चिंच किंवा व्हिनेगरने होतं का तेही सांगा.

उलटे आटे:

ताई, गंज काढायच्या आधी फ्रेम पूर्ण मोकळी करा आणि लोखंड किती उरलंय ते बघा, ते न बघता पुढचा खर्च करू नका. पुराची सायकल आहे म्हणजे बॉटममध्ये गाळ असणारच. सीटच्या नळीतून, बाजूच्या बारीक भोकांतून पाणी आत जातं आणि सगळं खाली बॉटमला येऊन बसतं, वर्षानुवर्षं ओलं राहतं, म्हणून तिथे सगळ्यात जास्त खाल्लेलं दिसतंय.

कॉटर म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) एक्सलला धरून ठेवणारी खीळ. ती काढताना नट पूर्ण काढू नका, टोकाच्या लेव्हलला आणा, क्रँकच्या खाली लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीला टेकवून ठेवा आणि मग वरून एकच सणसणीत घाव. टुकटुक मारत बसलात तर कॉटरचं टोक फुलतं आणि मग ते ड्रिल मारल्याशिवाय निघत नाही. बॉटमच्या दोन्ही तोंडांना छर्रे धरणाऱ्या आट्यांच्या वाट्या असतात. डावीकडची वाटी नेहमीसारखी सुटते, पण चेनच्या बाजूच्या वाटीला उलटे आटे असतात, ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की सुटते. हे माहीत नसल्यामुळे लोक पान्ह्याला पाइप लावून जोर करतात आणि ती आणखी घट्ट करून ठेवतात. आदल्या रात्री डिझेल किंवा गंज सोडवायचं तेल सोडून ठेवा. सीटची नळी अडकली असेल तर तिलाही तेच, दोन-तीन दिवस रोज थोडं थोडं.

सगळं निघालं की लहान हातोडीने फ्रेमवर हलकेच ठोकत जा. चांगला पाइप खणखणीत वाजतो, आतून खाल्लेला बद्द वाजतो. बॉटमच्या खालच्या अंगाला आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन्ही पाइपांच्या मुळाशी टोच्या दाबून बघा. आणि चिमट्याची जी दांडी हँडलखालच्या नळीत जाते ती नीट पुसून उजेडात बघा, विशेषतः खालच्या वाटीच्या वरचा चार बोटं भाग. फ्रेमला भोक पडलं तर दुरुस्ती होते. चिमट्याची दांडी खोल खड्ड्यांनी भरली असेल तर चिमटा नवीनच घ्या, इथे भावनेला जागा नाही, ती चालताना तुटली तर माणूस तोंडावर पडतो.

कात्रजचा घाट:

अॅसिडबद्दल मी सांगतो कारण मी ते केलंय. संडास धुवायचं अॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. फ्रेम खरंच दहा मिनिटांत राखाडी झाली, मी खूश, नळाखाली धुतली, उन्हात ठेवली आणि चहा पिऊन येईपर्यंत सगळ्या फ्रेमवर केशरी साय धरली होती. ती घासून काढली, प्राइमर, रंग, सगळं केलं. सहा महिन्यांत बरोब्बर सांध्यांच्या कडेने रंगाला फोड आले, एकाही पाइपच्या मधे नाही, फक्त सांध्यांवर.

कारण असं की या जुन्या फ्रेम वेल्डिंगच्या नसतात. पाइपवर बाहेरून टोपणासारखा तुकडा असतो, त्याला लग म्हणतात, त्यात पाइप घालून पितळेने झाळलेलं असतं. पितळ जिथे पूर्ण पोचलेलं नसतं तिथे केसाएवढी फट राहते, अॅसिड तिच्यात ओढलं जातं आणि कितीही धुतलं तरी निघत नाही. क्लोराइड आत राहिलं की रंगाखाली गंज चालूच. शिवाय त्याच्या वाफेने जवळपासचं बाकीचं लोखंडही गंजतं, माझे गॅलरीत ठेवलेले सगळे पाने तांबडे झाले होते. चुलतभावाला नाही म्हणा.

ऑक्झॅलिकवाली:

मी आत्तापर्यंत चार फ्रेम ऑक्झॅलिक अॅसिडने केल्यात त्यामुळे तीच पद्धत लिहिते. हे पांढऱ्या खड्यांच्या रूपात केमिकलच्या दुकानात किलोवर मिळतं, लाकडावरचे डाग काढायला सुतार वापरतात. याचा फायदा म्हणजे ते गंज विरघळवतं, चांगल्या लोखंडाला फारसं हात लावत नाही आणि चांगला चिकटलेला जुना रंगही सहसा तसाच राहतो, म्हणजे खाली जुनी सोनेरी लायनिंग (सजावटीच्या रेघा) असेल तर ती वाचते.

फ्रेम बुडेल एवढं भांडं कोणाकडे नसतं. गच्चीवर विटांचा चौकोन मांडायचा, आत दुहेरी जाड प्लास्टिक पसरायचं, झाला हौद. फ्रेम आडवी ठेवली की साधारण १२ सेंटीमीटर खोली लागते. सगळं मिळून १०० लिटरच्या आसपास पाणी होतं, ते कमी करायला फ्रेमच्या त्रिकोणात पाण्याने भरलेल्या झाकणबंद बाटल्या ठेवायच्या. प्रमाण १० लिटरला २०० ग्रॅम. आधी कोमट पाण्यात वेगळं विरघळवून घ्या. पाणी ओतताना फ्रेम जरा तिरकी करून सगळ्या नळ्यांतली हवा जाऊ द्या, नाहीतर आत बुडबुडा राहतो आणि तेवढा भाग कोरडाच. त्याआधी तेल, ग्रीस आणि गाळ पूर्ण निघालेला हवा. ग्रीसच्या खाली अॅसिड पोचत नाही.

१२ तासांनी बघा, ब्रशने घासा, परत बुडवा. २४ तासांत बहुतेक काम होतं. फार दिवस ठेवलं तर पिवळट थर बसतो, तो काढायला नुसता त्रास. बाहेर काढली की भरपूर पाणी, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी सगळ्या नळ्यांतून आतबाहेर फिरवायचं आणि शेवटी कडकडीत गरम पाणी. गरम पाण्याने लोखंड स्वतः तापतं आणि पटकन सुकतं.

एक गोष्ट हात जोडून सांगते, हे विष आहे. पोटात गेलं तर किडनी निकामी होते. रबरी हातमोजे, चष्मा, खडे ओतताना मास्क, आणि हौदावर रात्रभर झाकण, घरात मूल आहे, मांजरं-कुत्री येतात. काम झाल्यावर पाण्यात चुना टाकायचा, पांढरा साका खाली बसतो, मगच ते टाकायचं, आणि विहिरीजवळ तर अजिबात नाही.

गुळपाणी:

चिंच, व्हिनेगर, लिंबूसत्त्व सगळ्याने गंज निघतो, सगळी सौम्य अॅसिडंच आहेत. कलमकारीत काळा रंग करताना गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात काही दिवस आंबवत ठेवतात, तिथेही गूळ आंबून गंज विरघळतो. पण अख्ख्या फ्रेमला किती चिंच लागेल विचार करा, आणि तो चिकटा नळ्यांतून कोण धुणार. नट, बोल्ट, ब्रेकच्या सळया यांच्यासाठी मात्र लिंबूसत्त्व मस्त, एका बादलीत रात्रभर. त्यातही सोड्याचं पाणी फिरवणं आलंच.

रंगकाम ३० वर्षं:

वर सगळ्यांनी बरोबर लिहिलंय पण खरी लढाई गंज निघाल्यावर सुरू होते. उघडं लोखंड कोणासाठी थांबत नाही. कोकणात पावसाळ्यात तर तासाभरात त्यावर तांबूस छटा येते. म्हणून माझं पहिलं सांगणं, आत्ता फक्त फ्रेम खोला, गाळ काढा, वाळवा, तेल लावून ठेवा आणि बाकीचं दिवाळीनंतर कोरड्या हवेत करा.

त्या दिवशी सकाळी लवकर सुरुवात करून संध्याकाळच्या आत पहिला प्राइमर बसलाच पाहिजे. सोडलेला रंग खरवडून काढा, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून १८०, २२० पर्यंत या. जुन्या रंगात शिसं असू शकतं त्यामुळे कोरडं घासून धूळ उडवू नका, पाणी लावून वॉटर पेपरने घासा आणि लगेच पुसून वाळवा. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून काम पटकन होतं पण तो खड्ड्यातला गंज काढत नाही, वरून चमकवतो आणि खालचा तसाच राहतो, चमक बघून फसायला होतं. खड्ड्यात काळे ठिपके राहिलेच तर तिथे फॉस्फोरिकवाला रस्ट कन्व्हर्टर लावा. घासून झाल्यावर उघड्या हाताने फ्रेम धरू नका, घामाचे बोटांचे ठसे दोन दिवसांनी प्राइमरखाली उमटलेले मी पाहिलेत. स्वच्छ फडक्याने थिनर, लगेच प्राइमर.

रेड ऑक्साइड वाईट नाही, पण तो एकटा पाणी अडवत नाही. नुसता रेड ऑक्साइड मारून महिनाभर ठेवलेली फ्रेम आतून गंजायला लागते. दोन डब्यांचा इपॉक्सी प्राइमर मिळत असेल तर तोच घ्या. आणि साध्या ऑइल पेंटवर किंवा तसल्या रेड ऑक्साइडवर एनसी (नायट्रोसेल्युलोज, थिनरवाला पटकन सुकणारा) रंग मारू नका, सुरकुत्या येतात. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, प्राइमरनंतर, तीही खड्ड्यापुरतीच, सांध्यांच्या नक्षीदार कडा बुजवू नका, या सायकलची ओळख त्यातच आहे.

सँडब्लास्टिंग वाईट नाही, बारीक दाण्याने आणि कमी दाबाने करणारा हवा, पातळ झालेल्या पाइपला जाड वाळूने भोक पडतं. पण त्याने नळीच्या आतलं काहीच निघत नाही, उलट वाळू आत जाते, म्हणून सगळी तोंडं बुचं मारून बंद करा. पावडर कोटिंग (रंगाची पूड फवारून भट्टीत भाजणं) केलं तर भट्टी १८० ते २०० डिग्रीची, पितळ वितळायला ९०० च्या आसपास लागतं, सांध्यांना भीती नाही. फक्त आतून तेल द्यायचं ते कोटिंगनंतर, आधी दिलं तर भट्टीत बाहेर येऊन रंग नासवतं.

आतल्या बाजूला उकळवलेलं जवसाचं तेल ओता, फ्रेम सगळीकडून फिरवा, जास्तीचं निथळू द्या, आठवडाभर वाळू द्या. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात, दोरीवर पसरून वाळवा.

वाशिष्ठीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. पावसाळाभर थांबले, दिवाळीनंतर काम काढलं. चेनच्या बाजूची वाटी उलट फिरवल्यावर अक्षरशः दुसऱ्या झटक्याला सुटली. बॉटममधून वाटीभर गाळ निघाला, वाळून विटेसारखा झालेला, स्क्रूड्रायव्हरने फोडून काढावा लागला, त्यात दोन छर्रे रुतलेले होते.

हौद गच्चीवर केला, १८ तास ठेवली. पाणी पिवळसर हिरवं झालं होतं. सीटच्या खालच्या सांध्यावर नंबर उमटून दिसला, तो कधी दिसलाच नव्हता. आणि वरच्या दांडीवर सोनेरी लायनिंग निघाली, दोन रेघा, एक जाड एक बारीक, बोटभर लांबीच्याच पण स्पष्ट. त्यावर बटर पेपर ठेवून पेन्सिलने छापून घेतलंय, अंतर पण मोजून लिहिलंय. चिमट्याची दांडी चांगली निघाली, डाग आहेत पण खड्डे नाहीत.

अडचण एकच, बॉटमच्या खाली, डावा पाइप जिथे मिळतो तिथे एक भोक आहे, शिवणाची सुई आरपार जाते. फॅब्रिकेशनवाला म्हणतो वेल्डिंगचा एक टिपका मारतो. मारू देऊ का? बाकी फ्रेमवर सध्या तेल लावून ठेवलंय.

उलटे आटे:

इलेक्ट्रिक वेल्डिंग नको. जवळच पितळेचा सांधा आहे, आर्कने तिथलं पितळ वितळून वेल्डमध्ये मिसळलं तर जोड कडक होऊन तडकतो, आणि पातळ पत्र्याला सुईचं भोक बोटाएवढं होतं. गॅसवर पितळेने झाळणारा शोधा, जुने सायकलवाले किंवा रेडिएटर दुरुस्त करणारे करतात. आधी भोकाच्या भोवती टोच्याने दाबत जा आणि जिथपर्यंत पत्रा दबतोय तिथपर्यंत खडूने खूण करा. खूण नाण्याएवढ्या जागेत असेल तर झाळून भागेल, त्यापेक्षा मोठी असेल तर त्यावर पत्र्याचा तुकडा वाकवून बसवायला सांगा. झाळण्याआधी तेल पूर्ण पुसून काढा. झाळल्यावर त्यावर फ्लक्सचा (झाळताना पितळ धरावं म्हणून लावतात त्या पुडीचा) काचेसारखा थर राहतो, तो गरम पाण्यात भिजवून ब्रशने काढाच, नाहीतर बरोबर त्या जागी रंग सुटेल.

आणि बॉटमच्या खालच्या अंगाला, सगळ्यात खोल जागी, ३ मिलिमीटरचं एक भोक मुद्दाम पाडून घ्या, रंग मारायच्या आधी. पुढच्या पावसात आत गेलेलं पाणी तिथून बाहेर जाईल.

रंगकाम ३० वर्षं:

लायनिंगच्या त्या छापाचा फोटो टाका ताई, अंतरासकट. आणि पुण्याला येणं झालं तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल म्युझियम आहे तिथे जाऊन या, मूळ रंगातल्या जुन्या सायकली जवळून बघायला मिळतात. शेवटचा काळा हात झाल्यावर किमान चार दिवस वाळू द्या, मगच रेघ ओढायची, बारीक लांब केसांचा ब्रश, रंग जरा पातळ, आणि हात टेकवायला दुसऱ्या हाताची करंगळी.