'वैविध्यपूर्ण समुदाय' म्हणजे नेमके कोण?

कावेरी: ऑस्ट्रेलियातल्या छोट्या व्यावसायिकांसाठीची एक पुस्तिका मराठीत करतेय, विषय आहे तिथल्या वेगवेगळ्या भाषा-संस्कृतींच्या लोकांपर्यंत आपला माल कसा पोचवायचा. या सगळ्या लोकांना मिळून तिकडे 'काल्ड' म्हणतात, 'कल्चरली अँड लिंग्विस्टिकली डायव्हर्स'च्या आद्याक्षरांचा शब्द. मी 'सांस्कृतिक व भाषिकदृष्ट्या वैविध्यपूर्ण समुदाय' असं केलं, संपादक म्हणतात 'बहुभाषिक ग्राहक' करा. पण घरात फक्त व्हिएतनामी बोलणारी आजी बहुभाषिक कशी? सुचवा काहीतरी.

जुनी_वही: आधी 'बहुभाषक' करा. भाषक म्हणजे बोलणारा, भाषिक म्हणजे भाषेसंबंधीचा. वाद भाषिक असतो, माणूस भाषक.

रानवाट: पेपरात वर्षानुवर्षं 'मराठी भाषिक'च छापून येतंय आणि कुणाचं काही अडलेलं नाही, हा फरक आता पुस्तकातच उरलाय.

जुनी_वही: छापून येतं म्हणून बरोबर ठरत नाही. 'भाषिक अल्पसंख्याक' आणि 'भाषक' दोन्ही लागतात, एक टाकून दिलात तर बोलणाऱ्याला शब्द कुठला?

टाकसाळ: कावेरीताई, तिकडे आधी 'इंग्रजीतर भाषेची पार्श्वभूमी असलेले' अशा अर्थाचा शब्द होता, 1996 मध्ये सरकारी वापरातून तो काढला, त्याला नकारात्मक छटा आली होती हे एक कारण. माणसाची ओळखच त्यात इंग्रजी नसण्यावरून ठरत होती. त्यामुळे 'अन्यभाषक', 'परभाषक' नकोच. आपलं 'अमराठी' त्याच जातीचं, मला तो शब्द कधीच आवडला नाही.

कावेरी: पटलं. पण मजकुरात एके ठिकाणी एकवचन आहे, 'अशा ग्राहकाला विचारा'. एकटा माणूस वैविध्यपूर्ण कसा असेल?

झरा: मी जाहिरातींचे अनुवाद तपासते म्हणून सांगते, मथळ्यात काहीही ठेवा, पण खाली लोक नेमके कोण ते लिहाच. 'चिनी भाषेत पत्रक हवंय' असं काम येतं तेव्हा मी आधी विचारते, छापायचंय की रेडिओवर ऐकवायचंय? छापायचं तर सोपी लिपी की पारंपरिक, ऐकवायचं तर मँडरिन की कँटोनीज, हे वेगवेगळे निर्णय आहेत. साधी हिंदी-उर्दू बोलून एकाच जाहिरातीत भागेल, पण छापताना लिप्या दोन. आणि छपाईआधी त्या भाषेच्या माणसाला शेवटचं पान दाखवाच! देवनागरीचं एक पत्रक माझ्याकडे आलं त्यात सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या उजवीकडे सरकलेल्या आणि जोडाक्षरं फुटून मधे हलन्त दिसत होते. अनुवाद उत्तम होता, डिझाइनच्या सॉफ्टवेअरने घात केला. वाचणारा म्हणणार, यांना आमची भाषा येत नाही तर आमच्याकडे येता कशाला.

रानवाट: हे खरंय. पण 'मार्केटिंग'ला काय करताय? 'विपणन' घातलंत तर छोटा दुकानदार पहिल्याच पानावर पुस्तिका मिटेल.

जुनी_वही: का मिटेल? सरकारचं पणन खातं शेतकऱ्याला कळतं. 'पण्' म्हणजे व्यवहार करणं, त्यातूनच 'पण्य' म्हणजे विकायचा माल, संस्कृतात दुकानाला 'आपण' म्हणतात. इतकं सोन्यासारखं कूळ असताना उसनं कशाला घ्यायचं?

टाकसाळ: पैजेचा 'पण'ही तोच ना?

जुनी_वही: तोच. पण लावणं यातला.

रानवाट: कूळ मान्य, पण दुकानदार 'मार्केटिंग'च म्हणतो. 'जाहिरात' तरी कुठे आपली, 'जाहीर' अरबीतला, तो चालतो मग हा का नाही?

जुनी_वही: 'जाहिरात' मराठीत मुरलाय. मार्केटिंगला अजून वेळ आहे.

रानवाट: मुरायला किती वर्षं लागतात ते कोण ठरवतं?