कोकणात पोलिसांचं डिजिटल वायरलेस: निधी कुठून मागावा, आधी कशावर खर्चावा?

दर्याकिनारी: किनारपट्टीच्या जिल्ह्यासाठी अ‍ॅनालॉग व्हीएचएफ लहरींच्या वायरलेसवरून डीएमआर (डिजिटल मोबाईल रेडिओ) पद्धतीवर जाण्याचा प्रस्ताव तयार होतोय. 3 रिपीटर (सिग्नल पकडून जोरात पुढे पाठवणारे उंचावरचे संच), 12 ठाण्यांत स्थिर सेट, 30 गाड्या, 150 हँडसेट. पैसा केंद्राच्या पोलीस आधुनिकीकरण योजनेतून मागावा की जिल्हा नियोजन समितीकडून? शेरा मारून परत येऊ नये म्हणून आणखी काय जोडावं? जून 2020 चं निसर्ग वादळ आणि 22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर, दोन्ही वेळी मोबाईल बंद पडले होते, हे कारण पहिल्याच परिच्छेदात घातलंय.

फाईलवाला: दोन्हीकडे मागा, पण एकच वस्तू दोन्ही यादीत दिसू देऊ नका. लेखापरीक्षणात तेच पहिलं सापडतं.

केंद्राच्या योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्र 60, राज्य 40 टक्के. जिल्हा थेट अर्ज करू शकत नाही. मागणी पोलीस अधीक्षकांकडून पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेमार्फत राज्याच्या वार्षिक कृती आराखड्यात बसावी लागते. मागच्या रकमेचं उपयोगिता प्रमाणपत्र रखडलं की पुढचा हप्ता थांबतो, म्हणून हा रस्ता लांबचा. जास्त काळ टिकणारी मोठी कामं, म्हणजे टॉवर आणि रिपीटर, इकडे टाका.

जिल्हा नियोजन समितीच्या वार्षिक योजनेत प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात, त्यामुळे हँडसेट आणि गाड्यांचे सेट तिकडून लवकर मिळतात. अडचण 31 मार्चची. जानेवारीत मान्यता, फेब्रुवारीत जीईएमवर (सरकारी खरेदीचं पोर्टल) निविदा, तांत्रिक तपासणीत एखाद्या पुरवठादाराची तक्रार, आणि निधी व्यपगत, म्हणजे वर्ष संपलं म्हणून हातचा गेला. विनिर्देश (साहित्याचा तांत्रिक तपशील) आणि अंदाजपत्रक दिवाळीआधी तयार हवं. पोलिसांच्या वॉकीटॉकीसाठी जीएसटीची नोंद वेगळी आहे. नेहमीचा दर लावून अंदाजपत्रक फुगवू नका, चालू दर पाहून घ्या.

तिसरी वाट राज्य आपत्ती प्रतिसाद निधीची. शोध-बचावाच्या साहित्यात संपर्क साधनंही धरली जातात. निसर्ग आणि चिपळूणचं कारण त्या प्रस्तावात जास्त वजनदार ठरेल.

आणि हे विसरू नका: स्पेक्ट्रमचं वार्षिक शुल्क, देखभाल करार, बॅटऱ्या हा सगळा महसुली, म्हणजे दरवर्षीचा चालू खर्च. वस्तू घेण्यासाठीच्या भांडवली निधीतून तो भागत नाही. पाच वर्षांचा तक्ता आधीच जोडला नाही, तर तिसऱ्या वर्षी रिपीटर बॅटरीअभावी बंद पडतो.

सड्यावरचा टॉवर: यादीचा क्रमच उलटा आहे. 150 हँडसेट कागदावर छान दिसतात, पण 5 वॅटचा हँडसेट रिपीटरपर्यंत पोचलाच नाही तर हातातलं ओझं. आधी जागा, मास्ट (अँटेनाचा खांब), वीज, अर्थिंग. हँडसेट शेवटी, तेही टप्प्याटप्प्याने.

कोकणात एकच उंच जागा पुरत नाही. आंबोलीची उंची 690 मीटर. नुसत्या हिशेबाने तिथून रेडिओ क्षितिज (सिग्नल सरळ पोचण्याची हद्द) शंभर किलोमीटरच्या पुढे जातं. पण घाटाच्या थेट पायथ्याची गावं सावलीत राहतात आणि जांभ्याच्या कड्याखाली खाडीला लागून वसलेल्या वाड्याही. तिथे सड्यावरचा, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचा, कमी उंचीचा दुसरा रिपीटर जास्त कामाला येतो. प्रस्तावासोबत मोजणी जोडा: प्रत्येक वाडी, जेटी आणि घाटवळणावर हँडसेट कमरेला लावून, गाडीत बसून नव्हे, सिग्नल नोंदवायचा. अ‍ॅनालॉगमध्ये खरखरीतूनही अर्धं वाक्य कळतं. डिजिटलमध्ये शेवटपर्यंत स्वच्छ येतं आणि मग एकदम तुटतं. म्हणून अ‍ॅनालॉगचा जुना नकाशा चालत नाही.

केबलवर काटकसर नको. 150 मेगाहर्ट्झला 30 मीटर आरजी-213 केबलमध्ये जवळजवळ निम्मी पॉवर खलास होते. अर्धा इंची फोम केबल घेतली तर साधारण सहावा हिस्सा. कनेक्टरवर आपोआप चिकटणारी रबर टेप, तीवर यूव्ही टेप, आणि खोलीत शिरण्याआधी केबलला खाली झोका, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच ठिबकून जातं. हा झोका नसेल तर पाणी केबलच्या अंगाने सेटपर्यंत चालत येतं. वानरं केबल ओढतात, तेव्हा दर मीटरला क्लॅम्प हवाच.

दर्याकिनारी: बॅटरी किती धरू? शासकीय इमारतीवर जनरेटर आहे म्हणून कमी धरली होती.

सड्यावरचा टॉवर: वादळात जनरेटरला डिझेल पोचवणारा रस्ताच झाडांनी बंद असतो. 50 वॅटचा रिपीटर बोलताना साधारण 10 अँपिअर, थांबलेला असताना 1 अँपिअर खातो. दिवसातला पाव वेळ बोलणं धरलं तर 60 अधिक 18, म्हणजे 78 अँपिअर-तास. दोन दिवसांचे 156, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरू द्यायची नाही, म्हणून 300 च्या पुढे क्षमता. पुरात बोलणं पाव वेळेपेक्षा जास्तच होतं, हेही धरा. सोलर जोडलंत तरी जुलैतल्या ढगाळ आठवड्यावर भिस्त ठेवू नका. पॉवर 25 वॅटवर आणली तर तोटा फक्त 3 डेसिबलचा, बॅटरी मात्र बरीच वाचते.

अर्थिंगचं वेगळं अंदाजपत्रक करा. जांभ्यात एक सळई ठोकून काही होत नाही. उताराला माती साचलेली जागा शोधून बेंटोनाईट (ओल धरणारी माती) घातलेले तीन-चार खड्डे घ्या, ते तांब्याच्या पट्टीने जोडा आणि 5 ओहमच्या आत आणा. मोजणी पावसाळ्यात नव्हे, एप्रिलमध्ये करा. विजा मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात पडतात, आणि मेमध्ये जमीन कोरडी असते.

टाईमस्लॉट: विनिर्देशात नुसतं ‘डीएमआर’ लिहू नका. ईटीएसआय या युरोपीय संस्थेचं मानक टीएस 102 361, टियर 2 (साधे रिपीटर) की टियर 3 (वाहिन्या आपोआप वाटणारी ट्रंकिंग पद्धत), हे स्पष्ट लिहा. एकाच 12.5 किलोहर्ट्झ वाहिनीत दोन टाईमस्लॉट, म्हणजे आळीपाळीने चालणाऱ्या दोन संभाषणांच्या जागा, मिळतात: एक ठाण्यांच्या रोजच्या कामाला, दुसरा सागरी गस्त आणि आपत्तीला. मात्र एन्क्रिप्शन (संभाषण गुप्त ठेवणं) आणि स्थानदर्शक सोय बऱ्याचदा एकाच कंपनीच्या सेटमध्ये जुळते. म्हणून वेगळ्या कंपनीचे दोन सेट आणून चाचणी करण्याची अट घाला.

रिपीटर अ‍ॅनालॉग आणि डिजिटल दोन्ही चालवणारा घ्या, म्हणजे तालुकावार बदल करता येईल. एका रात्रीत सगळं बदललंत तर जुना सेट असलेली चौकी मुकी होते. मास्टच्या जागेची साकफा (रेडिओच्या जागा तपासणारी केंद्राची समिती) मंजुरी आणि वाहिन्यांची परवानगी निविदेआधी मागा. त्या आल्या नाहीत तर माल खोक्यांत पडून राहतो आणि हमीचे महिने तिथेच संपतात.