पीएचडीच्या गाईडचं नाव प्रत्येक रिसर्च पेपरवर लागलंच पाहिजे का?

संशोधक_मुलगी
केमिस्ट्रीत पीएचडी करतेय. आमच्या लॅबमधल्या एका ज्युनिअरने कंपाउंड बनवलं, रात्री जागून एनएमआरचा (रेणूची रचना दाखवणाऱ्या चाचणीचा) डेटा काढला, आकृत्यासुद्धा त्याच्याच, आणि पेपर सबमिट झाला तेव्हा त्याचं नाव तिसरं. पहिलं नाव ज्यांना प्रमोशनसाठी पेपर हवा होता त्यांचं, शेवटचं गाईडचं, ज्यांनी ड्राफ्ट उघडूनही बघितला नाही. सगळे म्हणतात चालायचंच. का म्हणून? मेडिकल जर्नल्सच्या संपादकांची आयसीएमजेई ही समिती आहे, तिच्या लेखक असण्याच्या चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा मजकूर नीट तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि उद्या प्रश्न आला तर उत्तर द्यायची जबाबदारी. चारही पूर्ण पाहिजेत. नुसता फंड आणला किंवा खुर्ची मोठी आहे म्हणून कोणी लेखक होत नाही, त्यांचे आभार मानायचे. गाईडलाही हेच लागू करा, एवढंच माझं म्हणणं.

कोल्हापूरकर_सर
ताई, त्या मुलावर अन्याय झाला हे मान्य. पण त्यावरून सगळ्या गाईडांना एका रांगेत उभं करू नका. विषय कुठून येतो? प्रोजेक्ट कोण लिहितं, दोनदा नामंजूर झाल्यावर तिसऱ्यांदा कोण लिहितं? रिव्ह्यूअरने (जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्याने) पेपर परत पाठवला तेव्हा विद्यार्थी नोकरीला लागून निघून गेलेला असतो, त्याची वही उघडून उत्तरं आम्ही देतो. पल्सारचं, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ सिग्नल देणाऱ्या ताऱ्याचं, उदाहरण सगळे देतात, 1967 मध्ये जोसेलिन बेल यांनी तो सिग्नल पकडला आणि 1974 चं नोबेल त्यांचे गाईड अँटनी ह्यूइश आणि मार्टिन राईल यांना मिळालं. पण बेल यांनी स्वतःच नंतर सांगितलंय की प्रोजेक्टच्या यशापयशाची अंतिम जबाबदारी गाईडची असते आणि अगदी अपवाद सोडला तर विद्यार्थ्यांना नोबेल देऊ नये. हेही सांगा ना लोकांना.

संशोधक_मुलगी
सांगते की सर. पण हेही सांगते की 1968 च्या त्या पेपरवर पाच नावं होती, ह्यूइश पहिले आणि बेल दुसऱ्या. म्हणजे नाव कागदावर होतं, म्हणून इतक्या वर्षांनी आपण इथे त्यावर वाद घालू शकतोय, आणि 2018 मध्ये त्यांना 30 लाख डॉलरचं ब्रेकथ्रू प्राइज मिळालं (ते सगळं त्यांनी विद्यार्थ्यांच्या स्कॉलरशिपला दिलं, मला त्या बाईंबद्दल फार आदर आहे). ज्याचं नाव कुठेच नाही त्याच्यासाठी कोण भांडणार?

आकडेमोड
तुम्ही दोघं माणसांच्या स्वभावावर बोलताय, मी हिशोबावर बोलतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीसाठी सायन्सच्या पेपरला 8 गुण आहेत. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला 70 टक्के म्हणजे 5.6. दोनपेक्षा जास्त झाले की पहिल्या किंवा कॉरस्पाँडिंग (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या) लेखकाला 70 टक्के आणि बाकी प्रत्येकाला 30 टक्के, म्हणजे 2.4. आता बघा, तीन लेखकांच्या पेपरवर आणखी दोन फुकटची नावं टाकली तर आधीच्या तिघांचं काय गेलं? काहीच नाही. त्यांचे गुण तेवढेच, नव्या दोघांना आयते 2.4. एका पेपरचे 8 गुण वाटता वाटता 15.2 होतात. असा नियम असेल तर नाही म्हणणारा माणूसच खडूस ठरणार. एक नाव वाढलं की सगळ्यांचे गुण कमी झाले पाहिजेत, मग बघा फुकटची नावं कशी गळतात.

ग्रामीण_सर्वे
आकडेमोड, अहो हे तर उलटं होईल. गुण कमी व्हायला लागले की पहिल्यांदा आमचंच नाव उडवतील. मी समाजशास्त्राच्या प्रोजेक्टवर गावोगाव फिरून मुलाखती घेते, लोक दार उघडतात ते मी बोलते कशी त्यावर, कुठला प्रश्न कुठे अडतो हे मी सांगितल्यावर प्रश्नावली बदलते, आणि शेवटी आभारात 'क्षेत्रीय पथक' एवढाच उल्लेख. एका गुणासाठी भांडणारे प्राध्यापक मला 2.4 देतील असं वाटतं का?

गणितवाला
आमच्याकडे हा पहिला-दुसरा वादच नाही. प्युअर मॅथ्समध्ये नावं आडनावाच्या अकारविल्हे लागतात, सगळे समान. सगळीकडे हेच करा की.

आकडेमोड
आणि यूजीसीचा 70-30 त्यावर कसा लावणार? तिघांचा पेपर, ज्याचं आडनाव ए वरून तो पहिला लेखक, त्याला 5.6, आणि बिचाऱ्या वाघमारेला 2.4. अर्थशास्त्रातही नावं अशीच लावतात आणि 2006 मध्ये अमेरिकेतल्या नामांकित विभागांचा अभ्यास छापून आला, वर्णमालेत आधी येणाऱ्या आडनावाच्या प्राध्यापकांना टेन्युअर (कायमची नोकरी) मिळायची शक्यता जास्त दिसली. क्रम लावला की लोक त्यातून अर्थ काढतातच.

संशोधक_मुलगी
म्हणूनच क्रमावर सगळं सोडू नये. क्रेडिट टॅक्सॉनॉमी म्हणजे पेपरमध्ये कोणी काय केलं हे सांगायची ठरलेली यादी, तिच्यात 14 भूमिका आहेत, कल्पना कोणाची, डेटा कोणी गोळा केला, सॉफ्टवेअर कोणाचं, पहिला मसुदा कोणाचा, फंड कोणी आणला. पेपरच्या शेवटी नावानिशी छापायचं. सरांनी फंड आणला ना, मग तिथे तसं लिहा, त्यांचा मान राहतो आणि माझं कामही दिसतं.

कोल्हापूरकर_सर
आणि तो फॉर्म भरतं कोण? कॉरस्पाँडिंग लेखक, म्हणजे बहुतेक वेळा गाईडच. ज्याला खोटं नाव घालायला लाज वाटत नाही त्याला खोटी भूमिका लिहायला वाटेल का? माझ्या मते काम सुरू होतानाच कोण पहिला, कोण दुसरा हे बोलून घ्यावं आणि ड्राफ्ट तयार झाला की पुन्हा एकदा, कारण मधे कामं बदलतात, कोणी सोडून जातं. मी माझ्या विद्यार्थ्यांशी असंच करत आलो.

संशोधक_मुलगी
तुम्ही करत आलात सर, पण थिसिसवर ज्याची सही लागणार आहे त्याच्यासमोर 'मी पहिली लेखक' म्हणायची हिंमत किती जणींत असते? तोंडी नको, लेखी पाहिजे. दर सहामाहीला पीएचडीवर देखरेख करणाऱ्या रिसर्च अॅडव्हायझरी कमिटीसमोर आपण प्रगती सांगतोच, त्याच कागदावर हेही नोंदवा.

आकडेमोड
त्या कमिटीचा निमंत्रक कोण असतो बघा. यूजीसीच्या 2022 च्या नियमातच लिहिलंय, गाईड.

संशोधक_मुलगी
माहितीय. पण कमिटीत बाकीचे सदस्यही असतात, त्यांच्यासमोर कागदावर आलेलं नंतर गुपचूप बदलता येत नाही. पुढच्या मीटिंगला मी माझ्या पेपरपुरती ही नोंद मागणार आहे. त्या ज्युनिअरलाही मागायला सांगितलंय.