रात्रभर ओट्यावर राहिलेलं कोळंबीचं कालवण उकळून खाल्लं तर चालेल का?

ठाणेकरीण
जरा अर्जंट आहे. काल रविवार म्हणून किलोभर कोळंबी आणली, ओल्या नारळाचं वाटण लावून कालवण केलं, रात्री ९ ला जेवणं झाली आणि उरलेलं फ्रिजमध्ये ठेवायचं राहूनच गेलं, मुलगा तापाने किरकिरत होता त्याला घेऊन आडवी झाले ती थेट सकाळी साडेसहाला उठले. पातेलं ओट्यावर तसंच झाकलेलं. वास मस्त येतोय, फेस नाही, आंबूस नाही. सासूबाई म्हणतात एक सणसणीत उकळी काढ, आमच्या वेळी कुठे फ्रिज होते. अर्धं पातेलं आहे हो, टाकायचं जिवावर येतंय. घरात ४ वर्षांचा मुलगा आणि सासऱ्यांना शुगर आहे. काय करू?

गिरगावचा_खवय्या
आम्ही तर कायम खातो. मुरलेलं कालवण आणि तांदळाची भाकरी, कधी काही झालं नाही. उकळा आणि खा.

लॅबवाली
ताई, प्लीज टाकून द्या. मी फूड टेस्टिंग लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. शिजवलेलं अन्न साधारण ५ ते ६० डिग्रीच्या मध्ये राहिलं की जंतू वाढतात, म्हणून २ तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि बाहेर ३२ च्या वर असेल तर १ तासातच. तुमचं साडेनऊ तास राहिलंय. चांगली ऊब मिळाली तर काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे ८ तासांत २४ वेळा दुप्पट, कागदावर एकाचे दीड कोटीच्या वर जातात.

आता उकळीचं. उकळीने जंतू मरतात हे खरं आहे, पण स्टॅफायलोकोकस नावाचा जंतू (आपल्या हाता-नाकावर असतो, डावाने वाढताना, चव घेताना जातो) जे विष सोडून ठेवतो ते उकळून जात नाही. आणि वासावर अजिबात जाऊ नका, अन्नाला वास आणणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे बरेचदा वेगळे. लहान मूल आणि शुगरवाले आजोबा असताना तर विचारच नको.

देवगडचा
सासूबाई खोटं बोलत नाहीत, पण अर्धीच गोष्ट सांगतायत असं मला वाटतं. आमच्या आजीकडेही फ्रिज नव्हता. दुपारचं कालवण उरलं तर ती संध्याकाळी खळखळून उकळायची, झोपायच्या आधी परत एकदा, आणि मग मडकं चुलीच्या वैलावर ठेवायची, खाली निखारे असायचे त्यामुळे ते बराच वेळ गरमच राहायचं. त्यात पुन्हा कोणी डाव घालायचा नाही, घातला तर ओरडायची. गॅस बंद करून पातेलं गार ओट्यावर सोडणं आणि हे, दोन्ही एक नाही. शिवाय दुसऱ्या दिवसासाठी मुद्दाम ठेवायचे ते बांगड्याचं तिखलं, त्यात खोबरं नाही, पाणी कमी, भरपूर आमसुलं. नारळाचं वाटण घातलेलं तीही ठेवायची नाही.

ठाणेकरीण
बापरे, वैलाचं डोक्यातच आलं नव्हतं. त्याच ओट्यावर भात पण राहिलाय, आणि दोन तळलेले बांगडे. ते?

लॅबवाली
तेही टाका. भातातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, गार होताना जागे होतात, आणि त्याचंही एक विष गरम करून जात नाही. बांगड्याचं अजून वेगळं. बांगडा, तारली, कुपा असे मासे कच्चे असतानाच बर्फाशिवाय राहिले तर त्यात हिस्टामिन तयार होतं, ते तळून-शिजवून जात नाही. खाल्ल्यावर थोड्या वेळात तोंड लालबुंद होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, लोकांना वाटतं ॲलर्जी आली. म्हणून बाजारातून आणतानाच बर्फात आणा.

आणि गरम पातेलं फ्रिजमध्ये कसं ठेवायचं म्हणून लोक गार व्हायची वाट बघत बसतात आणि तिथेच विसरतात. पातेलं परातीतल्या गार पाण्यात ठेवून ढवळा, मग पसरट डब्यांत थोडं थोडं काढून फ्रिजला.

दोन_पोरांची_आई
माझं ऐकाच. मागच्या मे महिन्यात खेकड्याचा रस्सा दुपारपासून बाहेर होता, रात्री नीट उकळून खाल्ला. तीन तासांत धाकट्याला उलट्या सुरू, मग नवऱ्याला, मग मला. पोराने पाणी पण ठेवलं नाही पोटात, पहाटे सलाईन लावावी लागली. त्याचे ते सुकलेले ओठ अजून डोळ्यासमोर येतात. घरात ओआरएसची पाकिटं ठेवा, नसतील तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्याच चमच्याने, आणि घोट घोट द्या. मूल सुस्त झालं, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसलं तर वाट बघू नका, डॉक्टर गाठा.

ठाणेकरीण
टाकलं सगळं, भात आणि बांगडे पण. सासूबाईंना वैलाचं वाचून दाखवलं तर त्या दोन मिनिटं गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, हो गं, आई पण रात्री उठून उकळायची, मी विसरूनच गेले होते. आता त्यांनीच मोठी परात खाली काढून ओट्याशेजारी ठेवलीय.