खेळासाठी आणि खंडेनवमीसाठी एकच तलवार घडवून घ्यावी का?

आखाडेकर:
नमस्कार. मी कोल्हापुरात सहा वर्षे मर्दानी खेळ शिकत आहे आणि आता स्वतःच्या मापाची तलवार घडवून घ्यावी, असा विचार आहे. यापूर्वी एका पर्यटनस्थळाजवळच्या दुकानातून घेतलेली तलवार पावणेदोन किलो भरली आणि दुसऱ्याच महिन्यात तिची मूठ हातात खुळखुळू लागली. उघडून पाहिले, तेव्हा पात्याला करंगळीहूनही बारीक, आटे पाडलेली सळई वेल्ड केलेली आढळली. सध्या ज्या कारागिराशी बोलणे चालू आहे, तो ट्रकच्या कमानपाट्यापासून ३२ इंची पाते करून देईन म्हणतो. ‘दमास्कस’ हवे असल्यास दर दुप्पट. वजन किती ठेवणार, असे विचारले तर ‘तुम्ही सांगाल तेवढे’ हे उत्तर मिळाले. मी त्याला नेमके काय सांगावे? हीच तलवार खंडेनवमीला पूजेत ठेवण्याचाही मानस आहे.

घणऐरण:
कमानपाटा हे वाईट पोलाद नव्हे, किंबहुना लवचीकपणासाठीच ते बनवलेले असते. मात्र गाडीखालून काढलेल्या जुन्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारे तडे असू शकतात, म्हणून त्याच जातीची नवी पट्टी आणायला सांगा. ‘दमास्कस’च्या नावाने बाजारात जे मिळते ते दोन पोलादांचे थर एकत्र घडवून आम्लाने उठवलेले नक्षीकाम असते, तेलंगणातील कोनासमुद्रमसारख्या गावी मुशीत वितळवून केले जाणारे जुने पोलाद ही वेगळीच गोष्ट होती. खेळाच्या तलवारीत थरांचा एखादा सांधा कच्चा राहिला, तर नक्षी काय कामाची?

वजनाचा आकडा सांगण्याआधी जाडी सांगा. माझ्या पहिल्या तलवारीचे पाते मुठीपासून टोकापर्यंत सरसकट पाच मिलिमीटर होते, त्यामुळे ती हातात तलवार न वाटता पहारच वाटे. दुसऱ्या वेळी मी मुठीपाशी सहा आणि टोकाच्या चार बोटे अलीकडे अडीच मिलिमीटर अशी मापे पुठ्ठ्यावर पूर्ण आकाराचे चित्र काढून लिहून दिली. ती तलवार साडेनऊशे ग्रॅम भरली आणि एका बोटावर तोलली असता परजेपासून, म्हणजे मुठीच्या आडव्या पट्टीपासून, पाच बोटांवर स्थिर राहिली. ही निमुळती जाडी काढायला लोहाराचा वेळ जातो, म्हणून तो आपणहून ती करणार नाही.

पाणी कसे देणार, म्हणजे तापवलेले पाते बुडवून कडक कसे करणार, हेही विचारा. या पोलादाला तेलात पाणी द्यावे लागते, साध्या पाण्यात बुडवले तर तडा जाण्याची भीती असते; त्यानंतर मंद आचेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. एवढे करून शेवटी कोणी ग्राइंडर दाबून चालवला आणि पात्यावर निळी झाक आली, तर तेवढी जागा नरम पडली असे समजावे. ताब्यात घेताना पाते हलके वाकवून सोडा. ते सरळ रेषेत परत आले नाही, तर उरलेले पैसे देऊ नका.

मुठीबाबत एक गोष्ट. आपल्याकडच्या जुन्या तलवारींत पात्याचा मुठीत जाणारा भाग लाखेने बसवलेला असे. पूजेच्या तलवारीला ते शोभते, पण रोज आघात झेलणाऱ्या तलवारीला आरपार रिव्हेट हवाच. पाते आणि मूठ दोन वेगळ्या कारागिरांकडून करून घ्यायलाही संकोच नको: मराठ्यांच्या कित्येक फिरंगांची, म्हणजे सरळ पात्याच्या तलवारींची, पाती युरोपातली आणि मुठी इथल्या असत. राज्य शासनाने २०२५ साली लंडनच्या लिलावातून आणलेली रघुजी भोसले यांची तलवारही तशीच आहे.

मनगट:
आधी कायदा पाहा. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार तलवार हे शस्त्रच आहे. ते बनवून विकणाऱ्याला परवाना लागतो आणि अधिसूचित क्षेत्रात ती बाळगण्यासाठीही कलम ४ अन्वये परवाना लागतो. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना ती रस्त्याने नेली, तर बोथट आहे हे सांगून सुटका होईलच असे नाही. कारागिराचा परवाना पाहा आणि बयाणा देण्यापूर्वी आपल्या पोलीस ठाण्यात लेखी विचारणा करा.

आखाडेकर:
दोघांचेही आभार. परवान्याचे विचारताच कारागीर थोडा अडखळला, त्यामुळे बयाणा तूर्त थांबवला आहे. माझ्या तळहाताची रुंदी नऊ सेंटिमीटर आहे. वस्तादांकडच्या जुन्या तलवारीच्या मुठीत माझी चार बोटे जेमतेम मावतात आणि हात फिरवताना खालची गादी, म्हणजे मुठीच्या शेवटची गोल चकती, मनगटाला टोचते. मूठ मोठी करून घ्यावी का?

घणऐरण:
थोडी मोठी करा, पण साडेनऊ सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नका. जुन्या मुठी आखूड ठेवल्या होत्या त्या हात आत घट्ट बसावा म्हणून; मोकळी मूठ वार करताना हातात फिरते. गादी टोचते आहे ती बहुधा तुम्ही मनगट पुढे मोडून वार करता म्हणून. वस्तादांसमोर एकदा खांद्यातून वार करून पाहा, आणि मग गादीचा व्यास ठरवा. पूजेसाठी मात्र दुसरी तलवार करा, किंवा वस्तादांची जुनीच ठेवा. खेळाच्या पात्याची धार दोन मिलिमीटर जाड आणि गोल ठेवावी लागते, आणि वर्षभरात तिच्यावर इतके खाचे पडतात की दर महिन्याला कानस घेऊन बसावे लागते.