अपेक्षापत्रावर सही करण्यापूर्वी

ब-४०२ (शुक्रवार, रात्री ८.४०)
सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीतील बरीच मुले ज्या शाळेत जातात, तिथून आज पहिली ते चौथीच्या मुलांसोबत एक छापील पत्रक आले आहे. ‘विद्यार्थ्यांकडून अपेक्षित वर्तन’ असे त्याचे शीर्षक असून त्याखाली १४ नियम आहेत आणि सोमवारी पालकांच्या सहीनिशी ते परत पाठवायचे आहे. हेतू वाईट नाही, हे वाचताना जाणवते. तरीही सही करायला हात धजावला नाही, म्हणून इथे लिहीत आहे. माझ्या दुसरीतल्या मुलीने हे नियम मोठ्याने वाचायला घेतले आणि सहाव्या नियमाशी ती अडखळली. ‘शालेय परिसरात अनुचित वर्तन करू नये.’ ‘अनुचित’ हा शब्द तिने तीन तुकड्यांत वाचला आणि मला विचारले, “म्हणजे काय करायचं नाही?” मी पळापळ, आरडाओरडा, भांडण अशी उदाहरणे दिली. त्यावर ती म्हणाली, “मग मधल्या सुट्टीतपण पळायचं नाही का?” मला उत्तर देता आले नाही. अकराव्या नियमात तर वारंवार बेशिस्त आढळल्यास दाखला देऊन शाळेतून कमी केले जाईल, असे म्हटले आहे. आपण सर्वांनी काय करावे, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

क-१०१ (रात्री ८.५५)
ताई, नियम हवेतच, एवढे मी प्रथम नोंदवतो. माझा नातू तिसरीत आहे आणि त्याच्या वर्गात ४० च्या वर मुले आहेत. एका बाईंनी एवढ्या मुलांना सांभाळायचे, शिकवायचे आणि वर पालकांचे फोनही घ्यायचे, हे सोपे नाही. शाळेने लेखी काही मागितले, तर आपण लगेच आक्षेप घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. सही करावी आणि घरी मुलांना समजावून सांगावे.

अ-७०३ (रात्री ९.१०)
काका, आपल्या भावनेचा आदर ठेवून कायद्यापुरते लिहितो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येत नाही. कलम १६ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली, तिच्यामुळे पाचवी आणि आठवीत अनुत्तीर्ण मुलाला, पुनर्परीक्षेची संधी देऊनही तो उत्तीर्ण न झाल्यास, त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. मात्र प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येणार नाही, ही तरतूद तशीच कायम आहे. त्यामुळे अकरावा नियम आपण सही केली तरी कायद्यापुढे टिकणार नाही, आणि सही केल्याने मुलाचा हक्कही जात नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न वेगळा आहे, पण ही शाळा तशी नाही.

क-१०१ (रात्री ९.१४)
ही माहिती मला नव्हती. अकरावा नियम वगळायला हवा, हे मान्य. बाकीच्या १३ नियमांबद्दल माझे मत तेच आहे.

ड-५०१ (रात्री ९.३१)
मी सहसा ग्रुपवर लिहीत नाही, पण हा विषय आमच्या घरातला आहे. आम्ही इथे राहायला येण्यापूर्वी मुलगा दुसऱ्या शाळेत पहिलीत होता. त्याला एका जागी फार वेळ बसता येत नसे. तिथे फळ्याच्या कोपऱ्यात ‘त्रास देणारी मुले’ असा चौकोन आखलेला असे आणि रोज त्यात त्याचे नाव असे. दिवाळीनंतर त्याचे बाक भिंतीकडे तोंड करून वेगळे लावण्यात आले. कोणी मारले नाही, कोणी ओरडलेही नाही. एके दिवशी घरी पाटीवर अक्षरे गिरवताना त्याने कोपऱ्यात चौकोन काढला आणि कोणी न सांगता त्यात स्वतःचे नाव लिहिले. त्या वेळी तो सहा वर्षांचा होता. म्हणून या पत्रकातील नववा नियम, ‘नियमभंग करणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे वर्गात लावण्यात येतील’, हा मला अकराव्याहून अधिक भयंकर वाटतो.

ब-४०२ (रात्री ९.३६)
दादा, हे लिहिल्याबद्दल आभार. नववा नियम मी घाईत वाचून पुढे गेले होते. क-२०४ मधल्या बाई, आपण इतकी वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे. आपले मत ऐकायला आवडेल.

क-२०४ (रात्री १०.०५)
चर्चा वाचत होते. जुन्नर तालुक्यातील द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे तिथलेच उदाहरण देते. पहिली-दुसरी माझ्याकडे एकत्र असत आणि एका वर्षी त्या वर्गात २७ मुले होती. पोषण आहाराआधी हात धुवायला सगळ्यांसाठी एकच नळ होता. रोज ढकलाढकली होई, एखाद्याचे ताट पडे, एखादी रडत येई. ‘रांगेत उभे राहा’ हे मी दिवसातून दहा वेळा सांगत असे आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नसे. मग एका शनिवारी परिपाठानंतर मुलांना घेऊन नळापासून व्हरांड्यापर्यंत जमिनीवर चुन्याने गोल काढले, प्रत्येक गोल दोन पावले मावतील एवढाच. पुढचा गोल रिकामा झाला की आपण पुढे जायचे आणि ताट काखेत धरायचे, एवढेच सांगितले. आठवडाभर जेवणाच्या वेळेआधी रिकाम्या हाताने त्याचा सराव घेतला, जसा पाढ्यांचा घेतो तसा. दुसऱ्या आठवड्यात मला नळापाशी उभे राहावे लागले नाही. पुढे पावसाने चुना धुऊन गेला, तरी मुले तेवढेच अंतर ठेवून उभी राहत होती.

हे सांगण्याचे कारण असे की सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘रांग’ हा शब्द ठाऊक असतो, पण पुढच्या मुलापासून किती अंतरावर थांबायचे, हात कुठे ठेवायचे आणि आपली पाळी केव्हा आली हे ओळखायचे कसे, हे त्याला दाखवावे लागते. पत्रकातील १४ पैकी १० नियम ‘करू नये’ने संपतात. ‘करू नये’ ऐकल्यावर मूल थांबते, पण त्या जागी काय करायचे हे त्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘जिन्यात धावू नये’ ऐवजी ‘जिना उतरताना भिंतीच्या बाजूने एकामागून एक चालावे’ आणि ‘वर्गात गोंगाट करू नये’ ऐवजी ‘बाईंनी हात वर केला की बोलणे थांबवून त्यांच्याकडे पाहावे’ असे लिहिले, तर मुलीला अर्थ विचारावा लागणार नाही. असे चार-पाच नियम पुरतात. ते जूनमध्ये शिकवावे लागतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा शिकवावे लागतात, कारण लहान मुले विसरतात. त्यात त्यांचा काही अपराध नसतो.

आणखी एक. आपली मुले रोज प्रतिज्ञेत ‘प्रत्येकाशी सौजन्याने वागेन’ असे म्हणतात. एकदा मी वर्गाला विचारले की सौजन्याने वागणे म्हणजे काय. कोणालाच सांगता येईना. मग दर शनिवारी एकाने त्याचे एक उदाहरण सांगायचे, असे ठरवले. दुसरीतली एक मुलगी म्हणाली, “खोडरबर मागितला तर फेकायचा नाही, हातात द्यायचा.” त्या दिवसापासून आमच्या वर्गात खोडरबर फेकणे जवळजवळ बंद झाले. वर्तनाच्या अपेक्षा मुलांकडूनच काढून घेता येतात, हे मला तेव्हा नीट उमगले.

ड-५०१ च्या दादांना एवढेच सांगते की नाव फळ्यावर लिहिल्याने मूल शांत झाल्याचे माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी पाहिले नाही. प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात, तिथेही मी ‘बडबड करतो’ असे लिहिणे सोडून दिले होते. ‘बोलण्याआधी हात वर करण्याचा सराव हवा’ असे लिहिले, की पालकांनाही घरी काय करायचे ते कळते.

क-१०१ (रात्री १०.२२)
बाई, आपले म्हणणे पटले. माझी एक सूचना आहे. शासनाने चौथीपर्यंतच्या वर्गांची वेळ २०२४ पासून सकाळी ९ किंवा त्यानंतरची ठरवून दिली, तरीही आपल्या फाटकाशी व्हॅन रोज पाच-सात मिनिटे थांबून राहते. ‘वेळेवर उपस्थित राहावे’ हा दुसरा नियम मुलांच्या नावाने लिहिलेला असला, तरी तो पाळणे मोठ्यांच्याच हातात आहे. शाळेला पत्र देताना आपल्या बाजूने हेही लेखी द्यावे, म्हणजे आपण नुसता आक्षेप घेत नाही, हे शाळेला दिसेल.

अ-७०३ (रात्री १०.३०)
अतिशय योग्य. पत्र पालक-शिक्षक संघामार्फत द्यावे, एकेकट्याने मुख्याध्यापकांना गाठू नये. नववा व अकरावा नियम वगळण्याची विनंती, उरलेले नियम कृतीच्या भाषेत लिहिण्याची विनंती आणि वेळेबाबत पालकांची हमी, असे तीन परिच्छेद पुरेसे होतील. मसुदा मी उद्या दुपारपर्यंत टाकतो, भाषा बाईंनी तपासावी.

ड-५०१ (रात्री १०.३३)
मी सही करीन. माझ्या मुलाचा उल्लेख पत्रात केला तरी चालेल, फक्त नाव नको.

ब-४०२ (रात्री १०.४१)
सर्वांचे आभार. तर रविवारी सकाळी १०.३० वाजता क इमारतीखाली भेटू या. बाईंची आणखी एक सूचना फोनवर मिळाली, ती इथे देते: येताना मुलांना सोबत आणावे आणि पत्रकातील जे शब्द त्यांना कळले नाहीत, त्यांच्याखाली त्यांनीच पेन्सिलने रेघ ओढलेली असावी. माझ्या मुलीने हे काम झोपण्यापूर्वीच उरकले आहे आणि तिच्या पत्रकावर नऊ रेघा आहेत.